शून्य कोठे मांडावे?

घरातील मुले संगणकावर खेळ खेळत बसली की वडील माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. अभ्यास राहिला, डोळे बिघडले, वेळ फुकट गेला, ही तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु खेळ खेळणे निराळे आणि खेळ घडविणे निराळे. खेळ घडवू पाहणाऱ्या मुलाला लवकरच अशा एका प्रश्नाशी गाठ घालावी लागते की जो दिसायला क्षुल्लक, पण ज्याच्यापायी एकदा रणांगणावर माणसेही दगावली आहेत. तो प्रश्न असा: यंत्राने अपूर्णांक लिहावा कसा, आणि मोजणीचे शून्य मांडावे कोठे?

प्रश्न नीट ध्यानात यावा म्हणून त्याला आपल्या मुलखात आणून बसवू. असे समजा की, पेडण्याच्या एखाद्या तरुणाने आपल्या गावच्या पुनवेवर खेळ रचावयास घेतला. कोजागिरीची रात्र, भगवतीचे देऊळ, समोरचे ते दोन पाषाणी हत्ती, रवळनाथ व भूतनाथ यांची तरंगे आणि लोटलेली माणसे. चित्रे त्याने सुरेख काढली. गाव हुबेहूब असावा म्हणून प्रत्येक देऊळ, प्रत्येक वाट खऱ्या नकाशातील आकडे घेऊन जागच्या जागी बसविली. आता खेळ सुरू केला, तर काय दिसावे? उत्तरेकडे चालू लागलेला माणूस पाय हालवतो, पण जागचा हलत नाही. तोच माणूस पूर्वेकडे वळला की वाजवीपेक्षा भरभर चालतो. तरंगे थरथरू लागतात. पुनवेच्या रात्री तरंगांना अवसर यावा यात नवल नाही. पण हा अवसर देवाचा नव्हे, अंकांचा आहे.

हे का होते ते पाहण्यासाठी प्रथम यंत्राची पाटी पाहिली पाहिजे. आपल्याजवळ सातच चौकटींची पाटी आहे असे धरा. तिच्यावर कोणतीही संख्या लिहावयाची, पण अंक सातच. दशांशचिन्ह मात्र हवे तेथे सरकवण्याची मुभा. १.२३४५६७ लिहिले तर शेवटचा अंक दशलक्षांशाचा, म्हणजे हिशेब अत्यंत बारीक. १२३४५६७ लिहिले तर शेवटचा अंक एककाचा. पाव-अर्ध्याला तेथे जागाच उरली नाही. अंक तितकेच, पण संख्या जितकी मोठी तितका तिचा बारीकपणा कमी. चिन्ह असे संख्येच्या अंगावर इकडून तिकडे तरंगते म्हणून या पद्धतीस इंग्रजीत ‘फ्लोटिंग पॉइंट’ म्हणतात. आपण तिला तरंगत्या बिंदूची पद्धती म्हणू.

डिचोलीच्या परिसरात लोहखनिजाच्या खाणींवर भरलेले ट्रक तोलणारे भलेमोठे काटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगावयास नको. टनांचा तो काटा गुंजभर सोन्याला दाद देत नाही. आणि सोनाराच्या ताजव्यात ट्रक मावत नाही. तरंगत्या बिंदूची करामत अशी की एकच तराजू दोन्ही कामे करतो. पण गुंज आणि ट्रक एकाच वेळी पारड्यात टाकले, तर गुंजेचा पत्ता लागत नाही. सारी अडचण येथेच आहे.

ही कल्पना नवी नाही. बर्लिनमध्ये कोनराड त्सूझे याने १९४१ साली पुरे केलेल्या ‘झेड-३’ या यंत्रात ती होती. पुढे प्रत्येक कारखान्याच्या यंत्राचे गणित आपापल्या तऱ्हेचे झाले आणि एका यंत्रावरचे उत्तर दुसऱ्यावर जुळेना. १९८५ साली ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने ७५४ क्रमांकाचे प्रमाण ठरवून हा गोंधळ मिटविला. त्यामागे मुख्यतः विल्यम काहन या टोराँटोत जन्मलेल्या गणितज्ञाचे परिश्रम होते. त्यांना १९८९ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. या प्रमाणातील लहान पाटी ३२ घरांची: एक घर धन-ऋण चिन्हाला, आठ घरे बिंदू कोठे ते सांगावयास आणि उरलेली २३ अंकांना. एक अंक न लिहिताच गृहीत असल्यामुळे अंक २४ धरावयाचे. हे अंक शून्य आणि एक एवढेच असल्याने आपल्या दशमान हिशेबात ते सुमारे सातच भरतात. १,६७,७७,२१६ या संख्येत या पाटीवर एक मिळवून पाहा. उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६ च येते!

शून्य-एकाच्या या द्विमान पद्धतीची आणखी एक खोड आहे. जुन्या पिढीने पाठ केलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी यंत्राला चोख येतात. कारण पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक दोनाच्या निम्म्या-निम्म्या वाटण्यांतून निघतात. सोळा आण्यांचा रुपया, किंवा गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील सोळा तांग्यांचा रुपिया, यांचा सोळावा हिस्साही यंत्र बिनचूक लिहिते. पण एक दशांश? एकाचे तीन भाग करताना आपण ०.३३३ असे न संपणारे तीन मांडतो, तसा एक दशांश द्विमान पद्धतीत कधी संपतच नाही. तो कोठेतरी तोडावा लागतो. म्हणूनच ६४ घरांच्या मोठ्या पाटीवरसुद्धा ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी निघते. पैशाचा हिशेब लिहिणारे जाणकार म्हणून तरंगत्या बिंदूला हात लावीत नाहीत. ते सारे पैसे पूर्णांकांत मोजतात.

आता पुन्हा पेडण्यास जाऊ. २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने सर्वांसाठी खुल्या केलेल्या नकाशांत जी जागतिक जाळी वापरली जाते, तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा रेखांशांचे पट्टे पाडलेले असतात. गोवा ४३ व्या पट्ट्यात येतो. उत्तरेचे अंतर विषुववृत्तापासून मोजावयाचे. पूर्वेचे अंतर मात्र पट्ट्याच्या मध्यरेषेच्या, म्हणजे ७५ व्या रेखांशाच्या, पश्चिमेस पाच लाख मीटरांवर असलेल्या एका काल्पनिक रेषेपासून. आपल्या अक्षांशावर ती रेषा अरबी समुद्रात पडते. या हिशेबाने पेडणे विषुववृत्तापासून सुमारे १७ लाख ४० हजार मीटर उत्तरेस आणि त्या समुद्रातल्या रेषेपासून सुमारे ३ लाख ७० हजार मीटर पूर्वेस आहे.

एवढ्या मोठ्या संख्या ३२ घरांच्या पाटीवर लिहिल्या की बारीकपणा किती उरतो? उत्तरेच्या आकड्यात एक अष्टमांश मीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. त्याहून लहान पाऊल पाटीवर लिहिताच येत नाही. पूर्वेच्या आकड्यात ही पायरी तीन सेंटिमीटरांहून किंचित मोठी. आणि केवळ पेडण्यातच नव्हे, तेरेखोलपासून काणकोणापर्यंत साऱ्या गोव्यात पायऱ्या ह्याच.

पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते असे धरू. ताशी पाच किलोमीटर चालणारा माणूस एका चित्रात जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकतो. उत्तरेला साडेबाराची पायरी, त्यात हे २.३ म्हणजे अर्ध्या पायरीहूनही कमी. यंत्र ते सोडून देते आणि माणूस जन्मभर चालून तेथल्या तेथेच राहतो. पूर्वेला पायरी तीनची, २.३ हे निम्म्याहून अधिक, म्हणून यंत्र पूर्ण पायरी देऊन टाकते आणि माणसाची चाल तिसऱ्या हिश्श्याने वाढते. तोच माणूस ताशी अठरा किलोमीटर वेगाने उत्तरेस धावला, तर एका चित्रात ८.३ सेंटिमीटर जावयाचा तो साडेबारा जातो, म्हणजे दीडपट धावतो! चालणारा खिळलेला आणि धावणारा उधळलेला, असा हा न्याय आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावरील जमिनीसाठी वीतभर बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टाची पायरी चढतात, त्या आपल्या मुलखात साडेबारा सेंटिमीटरांची चूक थोडी म्हणता येणार नाही.

मीटरांऐवजी अक्षांश-रेखांशच लिहावे म्हटले, तर गत याहून वाईट. पेडण्याच्या सुमारे ७३.८ रेखांशाची पायरी जमिनीवर ८० सेंटिमीटरांच्या पुढे जाते. अक्षांशाची साडेदहा सेंटिमीटर. पण उत्तरेस जाता जाता मालवणच्या अलीकडे सोळावा अक्षांश ओलांडला की तीही एकदम दुप्पट होते. कारण सोळा हा दोनाचा घात, आणि तेथे बिंदू एक घर सरकतो. जमीन तीच, समुद्र तोच. फरक केवळ पाटीवरचा.

यावर उपाय काय? एक उपाय मोठी पाटी घेण्याचा. ६४ घरांच्या पाटीवर पंधरा-सोळा दशमान अंक मावतात आणि पेडण्याची पायरी केसाहूनही कितीतरी बारीक होते. खेळ रचण्यासाठी जी तयार यंत्रणा मिळते, जिला ‘गेम इंजिन’ म्हणतात, त्यांपैकी ‘अनरिअल’ने २०२२ सालच्या आपल्या पाचव्या आवृत्तीत विस्तीर्ण जगासाठी हीच पाटी स्वीकारली. परंतु पडद्यावर चित्रे रंगविणारे जे स्वतंत्र यंत्रांग असते ते लहान पाटीवरच चपळ चालते. मोठ्या पाटीवर बहुधा पुष्कळ मंदावते. तेव्हा सरसकट मोठी पाटी परवडत नाही.

दुसरा उपाय अधिक सोपा, आणि आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. शून्य विषुववृत्तावर ठेवावयाचेच कशाला? ते उचलून डिचोलीत आणून ठेवावे. डिचोली ते पेडणे हे सरळ अंतर वीसएक किलोमीटरांचे. तेथून मोजले की पेडण्याच्या कोणत्याही आकड्याची पायरी फार तर दोन मिलिमीटर होते. पाटी तीच, यंत्र तेच, गाव तोच; केवळ शून्याची जागा बदलली आणि साडेबारा सेंटिमीटरांचे दोन मिलिमीटर झाले. याच्याही पुढे जाऊन काही खेळांत खेळाडू दूर गेला की शून्यच त्याच्या पायाशी आणतात आणि बाकीचे सारे जग तेवढे मागे सरकवतात. मेक्सिकोत तयार झालेल्या आणि २०११ साली प्रथम लोकांपुढे आलेल्या ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या अंतराळप्रवासाच्या खेळात याने नाव घेतले. त्यात लांब गेलेली याने विनाकारण थरथरत आणि मोडून पडत. खेळणाऱ्यांनी या अदृश्य शत्रूस उत्तरेकडच्या दंतकथांतील ‘क्राकेन’ या समुद्रराक्षसाचे नाव दिले होते. पुढे शून्य यानापाशी ठेवून त्या राक्षसाला पुष्कळ आवर घातला गेला.

जे अंतराचे तेच काळाचे. दर चित्राला सेकंदाचा साठावा भाग मिळवीत जाणारे घड्याळ लहान पाटीवर ठेवले आणि खेळ एखाद्या प्रदर्शनात अहोरात्र चालू राहिला, तर घड्याळात सुमारे तीन दिवस, म्हणजे २,६२,१४४ सेकंद, भरताच ते जवळजवळ दुप्पट वेगाने धावू लागते. आणि तो आकडा दुप्पट झाला की कायमचे थांबते. म्हणून अनुभवी मंडळी सेकंद मिळवीत बसत नाहीत. चित्रे पूर्णांकांत मोजतात आणि शेवटी साठाने भागतात.

खेळातले घड्याळ थांबले तर फार तर खेळ बंद पडेल. पण २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे काय घडले ते पाहा. तेथील अमेरिकन ‘पेट्रिअट’ क्षेपणास्त्रांची यंत्रणा काळ सेकंदाच्या दशांशांत मोजत असे, आणि तो दशांश २४ घरांवर तोडलेला होता. बिंदू तेथे तरंगता नव्हता, स्थिर होता; परंतु न संपणारा दशांश तोडण्याचा दोष तोच. एका दशांशातली चूक नगण्य होती. मात्र यंत्रणा सलग शंभर तासांहून अधिक चालू होती, आणि थेंबे थेंबे साचून घड्याळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याने चुकले. तेवढ्या वेळात येणारे इराकी ‘स्कड’ क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे सरकते. यंत्रणेने ते भलत्याच जागी शोधले आणि अडविले नाही. २८ सैनिक मृत्युमुखी पडले. दुरुस्त केलेली आज्ञावली तेथे पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

पुनवेचा खेळ रचणाऱ्या पेडण्याच्या मुलाला आणि त्या क्षेपणास्त्राच्या आज्ञावली लिहिणारांना धडा एकच होता. यंत्र चुकत नाही, अशी आपली भाबडी समजूत असते. यंत्र आपल्या पाटीवर मावेल तेवढेच लिहिते, उरलेले मुकाट्याने सोडून देते, आणि काय सोडले ते कोणाला सांगत नाही. ते विचारण्याची जबाबदारी माणसाची. दोन अपूर्णांक अगदी समान आहेत काय असे यंत्राला विचारू नये, पुरेसे जवळ आहेत काय असे विचारावे. पैसे पूर्णांकांत मोजावेत. आणि जेथे काम करावयाचे तेथेच शून्य मांडावे. ही तीन पथ्ये शिकावयास कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

म्हणून आमच्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते की, घरातील मुलगा किंवा मुलगी खेळ घडवू पाहत असेल आणि तिच्या पडद्यावरचा माणूस विनाकारण थरथरत असेल, तर यंत्र बिघडले म्हणून ते बंद करावयास सांगू नका. तिच्याशेजारी बसा आणि तिचे शून्य कोठे आहे ते तिला विचारा. बहुधा ते फार दूर, विषुववृत्तावर पडलेले असेल. ते उचलून आपल्या गावच्या देवळापाशी आणावयास तिला फार वेळ लागणार नाही.