रेटिनॉइडे, त्वचोपचारातील

अ जीवनसत्त्व (रेटिनॉल), त्याची अनुजाते (एका संयुगापासून तयार होणारी दुसरी संयुगे) आणि त्याच्यासारखी क्रिया करणारी संश्लेषित (कृत्रिम रीत्या बनविलेली) संयुगे यांना एकत्रितपणे ‘रेटिनॉइडे’ म्हणतात. तारुण्यपीटिका (मुरुम), उन्हामुळे पडणाऱ्या सुरकुत्या, काळे डाग व सोरियासिससारखे काही त्वचाविकार यांवर ती मलम, जेल किंवा कॅप्सूल या स्वरूपांत वापरतात. ‘जीवनसत्त्व’ या नावामुळे ती पोषक व म्हणून निरुपद्रवी असावीत, असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांची त्वचेवरील क्रिया औषधाची असून मात्रा, वेळ व निषेध या तिन्ही गोष्टी पाळल्या तरच ती उपकारक ठरतात.

इतिहास : अ जीवनसत्त्वाच्या अभावी उंदरांच्या शरीरातील आच्छादक ऊतके (कोशिकांचे थर) कोरडी व कठीण होतात, हे एस. बी. वोल्बॅक व पी. आर. हाउ यांनी १९२५ मध्ये दाखविले. पाउल कारर यांनी १९३१ मध्ये या जीवनसत्त्वाची रासायनिक संरचना निश्चित केली. पुढे त्याच्या मोठ्या मात्रा पोटात देऊन त्वचाविकार बरे करण्याचे प्रयत्न झाले. परंतु उपयुक्त व विषारी मात्रा यांत फारसे अंतर नसल्याने ते मागे पडले. १९६० नंतर रेटिनॉइक अम्ल (ट्रेटिनॉइन) त्वचेवर लावून पाहण्यात आले. तारुण्यपीटिकांवरील त्याचा उपयोग ए. एम. क्लिगमन व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९७१ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. उन्हाने जीर्ण झालेली त्वचा त्याने काही अंशी सुधारते, हे १९८६ मध्ये दिसून आले. या अम्लाचे कोशिकेतील ग्राही (विशिष्ट रेणूला बद्ध होणारे प्रथिन) १९८७ मध्ये सापडल्यावर त्याच्या क्रियेचा उलगडा झाला.

प्रकार व क्रिया : सौंदर्यप्रसाधनांत रेटिनॉल, रेटिनाल किंवा रेटिनिल पामिटेटासारखी एस्टरे असतात. त्वचेतील एंझाइमांमुळे एस्टरापासून रेटिनॉल, त्यापासून रेटिनाल व शेवटी रेटिनॉइक अम्ल बनते. जितके टप्पे अधिक तितका परिणाम सौम्य. ट्रेटिनॉइन हे स्वतःच अंतिम अम्ल असल्याने त्याची क्रिया थेट व तीव्र असते. ॲडॅपॅलीन व टॅझॅरोटीन ही संश्लेषित रेटिनॉइडे होत. त्यांपैकी ॲडॅपॅलिनाने दाह तुलनेने कमी होतो. ही सर्व संयुगे कोशिकांच्या केंद्रकातील ग्राहींमार्फत जनुकांच्या कार्यावर परिणाम करतात. त्यामुळे बाह्यत्वचेच्या कोशिकांची वाढ सुरळीत होते, केशपुटकांची तोंडे बुजत नाहीत आणि अंतस्त्वचेत कोलॅजेनाच्या निर्मितीस चालना मिळते [⟶ त्वचा].

निवड : नुसत्या काळ्या-पांढऱ्या बारीक पुटकुळ्या व सौम्य तारुण्यपीटिका असल्यास सामान्यतः ०·१% ॲडॅपॅलीन किंवा ०·०२५% ट्रेटिनॉइन यांपासून आरंभ करतात. ट्रेटिनॉइन ०·०५ व ०·१% या तीव्रतांतही मिळते; परंतु अधिक तीव्रतेने फायदा त्याच प्रमाणात वाढत नाही, दाह मात्र वाढतो. केवळ त्वचेचा पोत सुधारण्यासाठी रेटिनॉलयुक्त प्रसाधन पुरते. वेष्टनावर घटकाचे नाव व शेकडा प्रमाण छापलेले नसल्यास असे प्रसाधन टाळावे. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्यावरील प्रसाधनांसाठी रेटिनॉलाची मर्यादा ०·३% व अंगाला लावण्याच्या प्रसाधनांसाठी ०·०५% ठरविली. ही मर्यादा निवडीस मार्गदर्शक ठरते.

वापरण्याची पद्धत : रात्री चेहरा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर संपूर्ण चेहऱ्यासाठी वाटाण्याएवढेच मलम पातळ पसरावे. ते केवळ मुरुमावर ठिपक्यासारखे लावू नये. पापण्या, ओठ, नाकपुड्यांच्या कडा व जखमा वगळाव्यात. आरंभी आठवड्यातून दोन-तीन रात्री लावून त्वचेस सोसेल तसे प्रमाण वाढवावे. त्यावर साधे स्निग्ध मलम लावल्यास कोरडेपणा कमी होतो. पहिल्या काही आठवड्यांत लाली, सालपटे निघणे व मुरुम किंचित वाढणे शक्य असते. सुधारणा दिसण्यास ८ ते १२ आठवडे लागतात. तोपर्यंत धीर न सुटता मात्राही वाढवू नये. नेहमीच्या ट्रेटिनॉइनाचे बेंझॉइल पेरॉक्साइडाने ऑक्सिडीभवन होऊन ते निष्प्रभ होते, म्हणून ही दोन्ही एकाच वेळी लावीत नाहीत. या काळात त्वचेवर मेण (वॅक्स) लावून केस काढल्यास साल निघून जखम होते.

ऊन व त्वचेचा वर्ण : रेटिनॉइडांमुळे त्वचेचा वरचा मृत कोशिकांचा थर पातळ होतो व ती उन्हाने लवकर भाजते, शिवाय ट्रेटिनॉइन प्रकाशाने विघटन पावते. ही बाब कोल्हापूरसारख्या ठिकाणी विशेष महत्त्वाची आहे. हे शहर सुमारे १६° ४२′ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे व ऑगस्ट या महिन्यांच्या पूर्वार्धात सूर्य तेथे मध्यान्ही थेट माथ्यावर येतो. जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरण ढगांतूनही काही प्रमाणात पोहोचत असल्याने पावसाळ्यातही काळजी सुटत नाही. ऊसतोड हिवाळ्यात चालते. त्या वेळी कोरड्या हवेत शेतावर दिवसभर राबणाऱ्या माणसाची त्वचा मलमाने अधिकच फुटते. दक्षिण महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांचा वर्ण सावळा असून अशा त्वचेत कोणताही दाह ओसरताना मागे काळा डाग ठेवतो. म्हणजे डाग घालविण्यासाठी लावलेले तीव्र मलम नवे डाग निर्माण करू शकते. यास्तव कमी तीव्रतेपासून आरंभ करणे, सकाळी एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले ऊनप्रतिबंधक मलम लावणे आणि रुंद काठाची टोपी, छत्री, पदर किंवा ओढणी यांनी चेहरा झाकणे हा उपचाराचाच भाग समजावा. ज्यास दिवसभर उन्हात काम करणे अपरिहार्य आहे त्याने उपचाराचा आरंभ वैद्याच्या सल्ल्याने योग्य हंगामात करावा.

मिश्र मलमांचा धोका : ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन व स्टेरॉइड यांचे मिश्रण वांगासाठी मर्यादित काळ देतात. क्लिगमन यांनी असे मिश्रण १९७५ मध्ये सुचविले. स्टेरॉइडामुळे सुरुवातीस चेहरा झटपट उजळ दिसतो. म्हणून असे मलम ‘गोरे करणारे’ समजून शेजारणीच्या किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने लावले जाते. परिणामी त्वचा विरते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस व मुरुम वाढतात आणि मलम थांबविताच चेहरा लाल होऊन आग होते. हायड्रोक्विनोनाच्या दीर्घ वापराने निळसर काळे, सहज न जाणारे डाग पडतात. भारत सरकारने २०१८ मध्ये बाहेरून लावण्याच्या अनेक स्टेरॉइडांची विक्री वैद्याच्या चिठ्ठीवरच करण्याचा निर्बंध घातला.

पोटात घ्यावयाची रेटिनॉइडे व निषेध : व्रण ठेवणाऱ्या तीव्र तारुण्यपीटिकांवर आयसोट्रेटिनॉइन पोटात देतात, अमेरिकेत त्यास १९८२ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे गर्भाचे कान, चेहरा, हृदय व मेंदू यांत गंभीर जन्मजात विकृती निर्माण होतात. म्हणून उपचारापूर्वी एक महिना, उपचार चालू असताना व नंतर एक महिना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. याच मुदतीपर्यंत रक्तदानही करू नये. सोरियासिसवरील ॲसिट्रेटिनासाठी गर्भधारणेची बंदी उपचारानंतर तीन वर्षे असते. यकृत व रक्तातील मेद यांची तपासणी आवश्यक असते. टेट्रासायक्लीन गटातील औषधे किंवा अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सोबत घेऊ नयेत. त्वचेवर लावलेल्या रेटिनॉइडांचे शोषण अल्प असले, तरी गरोदरपणी तीही सावधगिरी म्हणून वर्ज्य करतात. गाजर, शेवग्याची पाने व दूध हा आहार आरोग्यास आवश्यक आहे. पण तो या औषधांची जागा घेत नाही आणि मुरुमांसाठी जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा स्वतःहून घेणे यकृतास अपायकारक ठरते.

चेहरा सुजणे, पाणी सुटणे, तीव्र आग होणे किंवा नवे काळे डाग दिसणे ही उपचार तात्काळ थांबविण्याची लक्षणे होत. दीर्घकाळ लावलेले स्टेरॉइडयुक्त मलम मात्र एकदम न सोडता वैद्याच्या देखरेखीखाली सोडावे. यासाठी कोल्हापुरातील छत्रपती प्रमिला राजे रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयाचा किंवा अर्हताप्राप्त त्वचारोगतज्ञाचा सल्ला घ्यावा व तोवर वापरलेल्या मलमाची नळी जपून ठेवून ती दाखवावी. कारण पुढील उपचार त्यातील घटकांवरच अवलंबून असतो.