चेंडूफळीचा एक थोर खेळाडू : बाळू पालवणकर

विक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत डॉक्टर ग्रेस व पुढें आपले रणजितसिंहजी यांचीं नांवें क्रिकेटच्या खेळामुळें सर्वतोमुखीं झालीं. त्याच काळीं पुण्याच्या मैदानावर एक गरीब मराठी मुलगा त्याच खेळांत तयार होत होता. त्याच्या चरित्राचा अल्प परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा, असें आम्हांस वाटतें.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें झाला. घराणें चर्मकार समाजांतील; वडील सैन्यांत नोकरीस होते. पुण्यांत पारशी मंडळींच्या क्लबांत मैदान झाडणें व रूळ फिरविणें या कामाचे बाळूंस दरमहा ३ रुपये मिळत. पुढें युरोपियनांच्या जिमखान्यांत ४ रुपये मिळूं लागले. तेथें ग्रेग नांवाचे गोरे फलंदाज सरावासाठीं त्यांस तासन्‌तास चेंडू टाकावयास लावीत, व स्वतः बाद झाल्यास दर वेळीं आठ आणे देत, असें सांगतात. बाळूंच्या हातीं बॅट मात्र कोणी देत नसे.

संथ गोलंदाजाजवळ वेगाचें बळ नसतें. चेंडू नेमका कोठें पाडावा, हवेंत किती उंच द्यावा, कोणत्या बाजूस वळवावा, यांतच त्याचें सारें कौशल्य. डाव्या हातानें चेंडू टाकणाऱ्या बाळूंनीं ही विद्या चाकरी करतां करतां साध्य केली.

हें कौशल्य पाहून पुण्याच्या हिंदु संघानें त्यांस खेळावयास घेतलें. परंतु रीत मोठी विलक्षण ! मैदानावर त्यांनीं हाताळलेला चेंडू सर्वांस चाले. चहाच्या वेळीं मात्र त्यांस बाहेर बसवून खापराच्या पेल्यांत चहा देत. चेंडूस विटाळ नाहीं आणि पेल्यास आहे, हा न्याय कोणता ?

१९०६ सालीं मुंबईस हिंदु संघानें युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला. त्यांत बाळूंनीं दोन्ही डाव मिळून ८ गडी बाद केले. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला, तेव्हां त्यांनीं तेथें ११४ बळी मिळविले. इतकें होऊनही हिंदु संघाचें कप्तानपद त्यांस कधींच लाभलें नाहीं. १९२० सालीं तर त्यांस संघांतून वगळलें व कप्तानाच्या निवडींत त्यांचे बंधु विठ्ठल यांसही डावललें. तेव्हां विठ्ठल व शिवराम या दोघां भावांनीं त्या सामन्यांतून अंग काढून घेतलें. अखेरीस १९२३ सालीं विठ्ठल कप्तान झाले, आणि त्याच वर्षीं हिंदूंनीं स्पर्धा जिंकली. बाळू १९५५ सालीं निवर्तले.

आपल्या करवीर राज्यांत राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं सरकारी नोकरींत शेंकडा ५० जागा राखून ठेविल्या. गुण असला तरी दार कोणीतरी उघडावें लागतें, हें त्या राजानें ओळखिलें होतें. बाळूंच्या गुणांची वाहवा करणारे पुष्कळ होते. दार उघडण्यास मात्र फार वर्षें लागलीं.

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां आपल्या मैदानावर कप्तान निवडाल तेव्हां केवळ खेळ व वर्तन पाहा. आणि पालकहो, सामना संपल्यावर आपलीं मुलें कोणाच्या शेजारीं बसून फराळ करतात, इकडेही लक्ष असूं द्या.