मोडीची वेलांटी

संपादकांनी सांगितलं होतं कीलाक्षरांवर लिहायला. मेसोपोटेमियात ओल्या मातीत बोरूनं खोचलेली ती पाचरीसारखी अक्षरं २००६ साली संगणकासाठी चिन्हांना संकेतांक देणाऱ्या युनिकोडच्या ५.० आवृत्तीत आली, पहिल्याच फेरीत ९८२ चिन्हं. पण छत्तीसगडातल्या बीरगांवात, उरल्याच्या कारखान्यांच्या धुराड्यांशेजारी बसून सुमेरचं लिहिताना मला सारखी मोडी आठवत होती. हा मुलूखही १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा, आणि मराठी दफ्तर म्हणजे मोडी लिपी.

मोडी हेमाडपंतांनी आणली, ही कथा सगळ्यांना पाठ आहे, ती सोडून देतो. लिपी-अभ्यासक अंशुमान पांडे यांच्या प्रस्तावानंतर २०१४ साली ७.० आवृत्तीत मोडीला ७९ चिन्हांची जागा मिळाली. फॉन्ट नसेल तर फोनवर आजही नुसते चौकोन दिसतात, ते वेगळं.

मला गुंतवलं ते मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातानं. तो आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढायचा, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचा. शब्दांत अंतर नाही, बोरू उचलायची फुरसत नाही. संगणकात सगळं उलटं: प्रत्येक अक्षर आपला रेघेचा तुकडा घेऊन येतं आणि तुकडे जुळून रेघ होते.

इथवर जमलं. अडलं ते वेलांटीपाशी. मोडीचा रिवाज असा, की वेलांटी दीर्घ आणि उकार ऱ्हस्व. दिवस असो की दुबळा, कागदावर ‘दीन’च, मुलगा असो की धागा, ‘सुत’च. युनिकोडनं मात्र ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही दिले. जुना कागद संगणकात जसाच्या तसा उतरवला तर ‘दिन’ शोधणाऱ्याला तो कागद सापडत नाही. सुधारून उतरवला तर कारकुनाचा हात पुसला जातो, आणि वाचणाऱ्याची चूक कागदाच्या माथी बसते. शब्द कुठे तोडायचा, हाही प्रश्न तसाच. कीलाक्षरांत तर एकाच चिन्हाचे अनेक उच्चार. तिथेही संकेतांक चिन्हाला दिला, वाचनाला नाही. तेच बरोबर, असं माझं मत. उतारा दोनदा ठेवावा: एक कागदाचा, एक आपला. कष्ट दुप्पट, आणि मोडी वाचणारे आधीच मोजके.

घरात मोडी कागद असेल तर लॅमिनेट करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कोऱ्या दिसणाऱ्या पाठीचाही.