चावणारा जोडा ठेवावा की परत करावा?

‘दोन दिवस घाला, आपोआप सैल होईल,’ हे दुकानातील आश्वासन आपण सर्वांनी ऐकलेले असते. ते अर्धेच खरे आहे. कातडे रुंदीत थोडे सैलावते. लांबीत वाढत नाही. कोल्हापुरी चपलेचा पट्टा वापराने मऊ पडेल. पण बुटात बोटे पुढे टेकत असतील, तर तो बूट कधीही सुखाचा होणार नाही.

म्हणून नव्या जोड्याचे बिल व खोका जपून ठेवावा आणि संध्याकाळी, पावले किंचित सुजलेली असताना, तो घरातच चटईवर घालून पाहावा. बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्याहून थोडे मोठे असते. माप त्याचेच घ्यावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंटीमीटर जागा हवी आणि चालताना टाच निसटू नये.

घरात मधुमेही व्यक्ती असेल, तर अधिक दक्षता हवी. पायांची संवेदना कमी झालेली असल्यास जोडा चावल्याचे त्यांना कळतच नाही. साधा फोड चिघळून प्रसंगी बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते. ‘दुखत नाही ना?’ एवढे विचारून थांबू नका. जोडा थोडा वेळ वापरल्यावर पाय उघडा करून लाली किंवा वळ दिसतो का, ते स्वतः पाहा. दिसल्यास तो जोडा परतच करावा.

कपड्यांचा काचही क्षुल्लक मानू नये. कमरेला आवळणाऱ्या पँटमुळे नस दबून मांडीच्या बाहेरील बाजूस मुंग्या व जळजळ होऊ शकते. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळलेल्या नाडीने किंवा लुगड्याने जखम होऊन तेथे त्वचेचा कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांची नोंद वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये केली आहे. मात्र शिवणीत माया असेल, तर शिंपी कपडा सैल करून देतो. जोड्याला ती सोय नसते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलातील मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. परंतु आपण निवडलेले माप चुकणे हा वस्तूचा दोष नव्हे. यास्तव पैसे देण्यापूर्वीच बदलून देण्याची मुदत विचारून ती बिलावर लिहून घ्यावी. म्हणजे पुढे संकोचापोटी चावणारा जोडा पायात वागवावा लागणार नाही.