‘आयपी ६८’ आणि खारं पाणी

नवा फोन घेताना हल्ली वाद रंगतो तो ‘आयपी ६८’वर. दुकानदार म्हणतो, पाण्याची चिंता सोडा. फोन भिजून बंद पडला की ऐकावं लागतं, वॉरंटीत बसत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत हा प्रश्न रोजचा आहे.

‘आयपी ६८’ या मानांकनातला ६ धुळीपासूनच्या, ८ पाण्यापासूनच्या संरक्षणासाठी. पण चाचणी होते प्रयोगशाळेत, नव्याकोऱ्या फोनवर, गोड्या आणि स्थिर पाण्यात. खोली आणि वेळ कंपनीच जाहीर करते. रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराचं, भाट्याच्या किनाऱ्याचं पाणी मात्र खारं. त्यातून वीज सहज वाहते. चार्जिंगच्या खाचेत ते असताना वायर जोडली, तर विद्युत-रासायनिक क्रियेने आतल्या पिना गंजतात, झिजतात. पाणी वाळलं तरी मीठ उरतं आणि दमट हवेतली ओल ओढत राहतं. शिवाय फोन आपटला की कडेचं सील सैल होऊ शकतं.

ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये फोन पाण्यात बिनधास्त वापरा असं सुचवणाऱ्या जाहिरातींबद्दल सॅमसंगला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. आपल्याकडेही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार फसव्या जाहिरातींवर कारवाई होऊ शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

फोन भिजला तर आधी बंद करा, चार्जर लावू नका. तांदळात पुरू नका, भुकटी खाचेत जाते. हवेशीर जागी वाळू द्या. आणि विकत घेण्याआधी वॉरंटीतलं पाण्याचं कलम दुकानातच वाचून घ्या.