एक्क्यांची जोडी हरते तेव्हा

टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार नव्याने शिकणाऱ्याचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे एक्क्यांची जोडी आली की डाव आपलाच. तीन पत्ती खेळून आलेल्यांचा तर हमखास होतो. तिथे हातात येतात तीच पानं अखेरची. होल्डेममध्ये हातात दोनच पानं, आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं अजून उघडायची असतात.

एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीशी भिडली, तर ती सुमारे 82 टक्के वेळा जिंकते. म्हणजे पाचांत जवळजवळ एकदा हरते. समोर नऊजण असतील आणि कुणीच पानं टाकली नाहीत, तर जिंकण्याची शक्यता 31 टक्क्यांच्या आसपास येते. अशा जोडीवर जाणकार सुरुवातीलाच बोली वाढवतात, ती पैसे चढवण्यासाठी आणि गर्दी कमी करण्यासाठीही.

दोन्ही पानं बदामाची किंवा इस्पिकची आली म्हणून खेळत राहणं, ही दुसरी चूक. टेबलावरच्या पहिल्या तीन पानांतच फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, जमतो तो सुमारे 118 वेळांत एकदा. एकाच रंगामुळे जिंकण्याची शक्यता साधारण दोन ते चार टक्क्यांनीच वाढते. गुलाम-दुरी एकरंगी असली तरी टाकण्याजोगीच.

“इतका वेळ हरलो, आता चांगली पानं येणारच,” हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. दर डावाला कॅट नव्याने पिसला जातो. मागचं काहीही त्याच्या लक्षात नसतं. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते, पण तेवढे डाव खेळूनही ती एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे 37 टक्के आहे. त्यात नशीब रुसलेलं नसतं, की कुणी फसवलेलंही नसतं. निर्णय बरोबर होता का, एवढंच तपासावं. हरल्याच्या रागात खेळण्याला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात, आणि त्यावर उठून जाण्याइतका खात्रीचा उपाय नाही. पैशांची मर्यादा बसण्याआधीच ठरवावी, कारण रागात ठरवलेली मर्यादा सरकत जाते.

चांगलं खेळलं की कमाई होतेच, हेही खरं नाही. गोव्यातला असो वा लास वेगासचा, कॅसिनो डावातून किंवा वेळेनुसार आपला हिस्सा काढतो. त्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांची बेरीज तोट्याचीच. भारतात पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवण्यावर 2025च्या कायद्याने बंदी आली आहे. उसनवारी करून किंवा घरच्यांपासून लपवून खेळणं सुरू झालं असेल, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.