पाचशेची गोधडी, हाती किती?
ऑनलाईन माल विकू इच्छिणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यातील भगिनींनो, आधी कागद-पेन्सिल घ्या. समजा, गोधडी ५०० रुपयांना गेली. कमिशन १५ टक्के धरले तर ७५, कुरिअर ८०. या १५५ वर १८ टक्के जीएसटी २७ रुपये ९० पैसे. उरले ३१७.१०. कापड-दोरा २०० आणि वेष्टन १५ वजा जाता राहिले १०२ रुपये १० पैसे. अन् शिलाईचे चार दिवस? ते आम्ही मायबहिणी नेहमीच विसरतो! शिवाय गोधडी फुगीर. कुरिअरवाले वजनाबरोबर आकारही मोजतात, म्हणून घट्ट बांधावी. माल परत आला तर भाडे अंगावर येऊ शकते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांनाही राज्यातल्या राज्यात अशी विक्री करता येते. मात्र पोर्टलवरून नावनिशी क्रमांक घ्यावा लागतो, आणि कमिशनवरचा जीएसटी त्यांना परत मिळत नाही.